पुढचा दात बसवताना शेजारचे दात तासण्याची घाई नको

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत पडलेल्या दातांच्या जागी कृत्रिम दात बसवण्याविषयीचा लेख वाचला. लेख सोप्या भाषेत होता आणि इम्प्लांटविषयी त्यात दिलेली माहिती बहुतांशी बरोबर होती. मात्र लेखकाने रुग्णापुढे तीनच वाटा ठेवल्या : काढता-घालता येणारी कवळी, शेजारच्या दोन दातांना कॅप घालून केलेला ब्रिज आणि जबड्याच्या हाडात बसवलेला इम्प्लांट. दाढांच्या बाबतीत ही यादी एक वेळ चालून जाईल. पुढच्या, म्हणजे वरच्या आणि खालच्या चार-चार पटाशीच्या दातांच्या बाबतीत ती अपुरी आहे, आणि तिच्यातून जी वाट गळली आहे ती अनेकांनी, विशेषतः तरुण रुग्णांनी, सर्वांत आधी विचारात घ्यावी अशी आहे. मी आयुष्यभर कृत्रिम दात बसवण्याचेच काम केले. आता व्यवसायातून निवृत्त झालो असल्याने कोणत्याही एका उपचाराची भलामण करण्यात माझा स्वार्थ उरलेला नाही.

पुढचा एक दात गेला की नेहमीच्या ब्रिजसाठी त्याच्या दोन्ही बाजूंचे दात चहूबाजूंनी तासावे लागतात, कारण कॅप बसायची तर तिच्या जाडीइतकी जागा दातातूनच काढावी लागते. एडेलहॉफ आणि सोरेनसेन या संशोधकांनी २००२ साली निरनिराळ्या पद्धतींनी तासलेल्या दातांच्या नमुन्यांची वजने करून पाहिली, तेव्हा पूर्ण कॅपसाठी दाताच्या वरच्या, म्हणजे तोंडात दिसणाऱ्या भागाचा ६३ ते ७२ टक्के हिस्सा खर्ची पडतो असे आढळले. याचा अर्थ असा की गेलेला दात एक असला, तरी त्याच्यापायी दोन धडधाकट दातांचा निम्म्याहून अधिक भाग आपण स्वतःहून काढून टाकतो. दाताचे इनॅमल, म्हणजे बाहेरचे कठीण आवरण, एकदा गेले की पुन्हा तयार होत नाही. त्याखालचे डेंटिन उघडे पडते, त्यातील सूक्ष्म नलिकांवाटे दाताच्या आतील नसेपर्यंत त्रास पोहोचू शकतो, आणि तासलेल्या दातांपैकी काहींची नस काही वर्षांनी मरते. मग कॅपला भोक पाडून रूट कॅनाल करावे लागते. कॅपच्या कडेखाली कीड लागली तर ती बाहेरून दिसत नाही आणि दुखू लागेपर्यंत बराच दात पोखरलेला असतो. शेजारचे दात आधीच मोठ्या फिलिंगचे किंवा मोडलेले असतील तर त्यांना कॅप घालण्यात गैर काही नाही. ती त्यांना हवीच असते. माझा आक्षेप निरोगी दात तासण्याला आहे.

रुग्ण नेहमी विचारतात की बसवलेला दात किती वर्षे टिकेल. प्रश्न रास्त आहे, पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की तो टिकेनासा होईल तेव्हा नेमके काय बिघडेल आणि त्यानंतर हातात काय उरेल. तोंडातले कोणतेही कृत्रिम काम कायमचे नसते. विशीत बसवलेल्या दाताला पुढची पन्नास-साठ वर्षे काढायची असतात, म्हणजे ते काम आयुष्यात दोन-तीनदा तरी बदलावे लागणार हे धरून चालले पाहिजे. अशा वेळी पहिल्याच फेरीत सर्वाधिक दात खर्च करणारा उपाय निवडला, तर पुढच्या फेरीसाठी शिल्लक फार थोडी राहते. ज्या उपायाचे अपयश दुरुस्त करता येते आणि ज्याच्या मागे बाकीचे सगळे पर्याय खुले राहतात, तो उपाय आधी करून पाहावा, हा हिशेब रुग्णाला समजावून सांगितला तर तो सहज पटतो असा माझा अनुभव आहे.

या हिशेबात बसणारा उपाय म्हणजे चिकटवलेला ब्रिज. दंतवैद्य त्याला मेरीलँड ब्रिज किंवा रेझिन बाँडेड ब्रिज म्हणतात. यात कृत्रिम दाताला मागच्या बाजूने एक पातळ पाते जोडलेले असते आणि ते शेजारच्या दाताच्या जिभेकडील पृष्ठभागावर रेझिन सिमेंटने, म्हणजे प्लास्टिकसारख्या कडक होणाऱ्या चिकट द्रव्याने, चिकटवले जाते. समोरून पाहणाऱ्याला पाते दिसत नाही. शेजारचा दात एक तर मुळीच तासला जात नाही, किंवा पाते नेमके जागेवर बसावे म्हणून केवळ इनॅमलमध्ये हलकीशी खाच केली जाते. वर उल्लेखलेल्या अभ्यासात या प्रकारच्या तयारीसाठी जाणारा भाग ३ ते ३० टक्के भरला. भूल बहुधा द्यावी लागत नाही, हाडाला हात लागत नाही, टाके पडत नाहीत.

हे तंत्र नवे नाही. मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ साली इनॅमलवर फॉस्फरिक आम्ल लावल्यास त्यावर रेझिन घट्ट धरते हे दाखवून दिले आणि चिकटवण्यावर आधारलेल्या दंतचिकित्सेचा पाया घातला गेला. १९७३ मध्ये रोशेट या फ्रेंच दंतवैद्याने भोके पाडलेली धातूची पट्टी दातांच्या मागे चिकटवण्याची पद्धत मांडली. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात लिवाडिटिस आणि थॉम्पसन यांनी धातूचा आतला पृष्ठभागच विद्युत-रासायनिक प्रक्रियेने खडबडीत करून भोकांची गरज संपवली, आणि विद्यापीठाचे नाव या ब्रिजला कायमचे चिकटले. त्याच सुमारास जपानमध्ये एमडीपी या रेणूवर आधारित सिमेंट तयार झाले. हा रेणू एका टोकाने धातूला रासायनिकरीत्या धरतो आणि दुसऱ्या टोकाने रेझिनमध्ये गुंफला जातो. पुढे झिर्कोनिया हे कणखर पांढरे सिरॅमिक आले तेव्हाही हाच रेणू कामी आला.

इतके असूनही या ब्रिजचे नाव व्यवसायात खराब झाले, ते अगदी अकारण झाले असेही म्हणता येत नाही. सुरुवातीचे ब्रिज निखळत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, पाच वर्षांच्या काळात अशा ब्रिजपैकी सुमारे १९ टक्के कधी ना कधी निखळल्याचे दिसले. त्या पिढीत शिकलेल्या दंतवैद्यांच्या मनावर हाच अनुभव कोरला गेला आणि ‘मेरीलँड म्हणजे तात्पुरते काम’ हे समीकरण पक्के झाले. आजही अनेक दवाखान्यांत ते सुचवले जात नाही, त्यामागे हेच कारण मुख्य असावे.

मात्र ते का निखळत होते, याचे उत्तर आता आपल्याला ठाऊक आहे. सुरुवातीच्या रचनेत कृत्रिम दाताच्या दोन्ही बाजूंना पाती असत, कारण दोन आधार एका आधारापेक्षा भक्कम असणार हे कोणालाही स्वाभाविक वाटते. पण नैसर्गिक दात हाडात खिळ्यासारखे घट्ट रुतलेले नसतात. मुळाभोवतीच्या तंतुमय आवरणामुळे प्रत्येक दात चावताना किंचित हलतो, आणि पुढचे दात कमानीत असल्यामुळे प्रत्येकाची हलण्याची दिशा वेगळी असते. दोन वेगवेगळ्या दिशांना हलणाऱ्या दातांना एका कडक पट्टीने जखडले की सगळा ताण सिमेंटवर येतो आणि कमकुवत बाजू आधी सुटते. यातला खरा धोका निखळण्याचाही नाही. एक पाते सुटते आणि दुसरे धरून राहते, त्यामुळे दात जागेवरच दिसतो, रुग्णाला कळत नाही, आणि सुटलेल्या पात्याखाली अन्नकण व जिवाणू साचून निरोगी दात मागून किडतो.

जर्मनीतील माथियास केर्न यांच्या गटाला नव्वदच्या दशकात सिरॅमिकच्या दोन पात्यांच्या ब्रिजमध्ये एक चमत्कारिक गोष्ट आढळली. काही ब्रिजची एका बाजूची जोडणी मोडली होती आणि तरीही उरलेल्या एकाच पात्यावर कृत्रिम दात व्यवस्थित टिकून होता. त्यातून मुद्दामच एका पात्याचा ब्रिज करण्याचा विचार पुढे आला. कृत्रिम दात एकाच शेजाऱ्याला जोडलेला असला की तो त्याच्याबरोबर हलतो आणि सिमेंट दोन्हीकडून ओढले जात नाही. याच गटाने २०११ मध्ये दहा वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन पात्यांच्या सिरॅमिक ब्रिजचे टिकण्याचे प्रमाण सुमारे ७४ टक्के होते, तर एका पात्याच्या ब्रिजचे ९४ टक्क्यांहून अधिक. पुढे झिर्कोनियाच्या एका पात्याच्या ब्रिजसाठी २०१७ मध्ये दिलेला दहा वर्षांचा आकडा ९८ टक्क्यांच्या वर आहे. हे आकडे काळजीपूर्वक निवडलेल्या रुग्णांचे आणि या कामात मुरलेल्या हातांचे आहेत, सर्वत्र तेच मिळतील असे नाही. तरीही ज्या उपायाला आपण तात्पुरता म्हणून बाजूला सारतो, तो योग्य रचनेत इम्प्लांटच्या तोडीस तोड टिकतो, एवढे त्यांवरून नक्की म्हणता येते. शिवाय एका पात्याचा ब्रिज सुटला तर तो सरळ हातात येतो. प्रसंग अवघडल्यासारखा असतो खरा, पण लपून कीड लागण्याचा प्रश्न उद्भवत नाही आणि स्वच्छ करून तोच ब्रिज पुन्हा चिकटवता येतो.

हे काम वाटते तितके सोपे नाही, आणि इथेच बहुतेक अपयशांची मुळे असतात. ज्या दाताला पाते चिकटवायचे त्याच्या मागच्या बाजूला पुरेसे शाबूत इनॅमल हवे. मोठे फिलिंग असलेल्या किंवा फार झिजलेल्या दातावर पकड भरवशाची राहत नाही. वरचे दात खालच्या दातांवर फार खोल उतरत असतील तर पात्यासाठी जागाच उरत नाही, आणि रात्री दात करकरा खाणाऱ्या माणसाच्या तोंडात कोणतेच पुढचे काम सुखाने नांदत नाही. आधाराचा दात हलत असेल तर हा विचार सोडून द्यावा. झिर्कोनियाचे पाते साधारण ०.७ मिलिमीटर जाडीचे आणि कृत्रिम दाताशी असलेला सांधा सुमारे ३ मिलिमीटर उंच व २ मिलिमीटर रुंद असावा असे मानतात, कारण सांधा बारीक ठेवला तर तो तिथेच मोडतो. झिर्कोनियाची आतली बाजू अॅल्युमिनाच्या बारीक कणांच्या हलक्या फवाऱ्याने खरखरीत करून तिच्यावर एमडीपी असलेला लेप द्यावा लागतो. चिकटवताना लाळेचा एक थेंब लागला तरी सारे व्यर्थ जाते, म्हणून दाताभोवती रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, लावून जागा कोरडी ठेवणे अनिवार्य आहे. काच-सिरॅमिकवर चालणारी आम्ल लावण्याची पद्धत झिर्कोनियावर चालत नाही, हे साधे वाटणारे तपशीलही दुर्लक्षित राहतात आणि दोष मात्र ब्रिजला दिला जातो. धातूच्या पात्याची आणखी एक अडचण आहे. पातळ, पारदर्शक कडा असलेल्या दातामागे धातू गेला की दात किंचित करडा दिसू लागतो. झिर्कोनियाने ती बरीचशी दूर केली.

आता वयाविषयी. पुढचे दात जाण्याची दोन मोठी कारणे लहान वयातच घडतात. एक म्हणजे पडण्याने किंवा खेळताना बसलेला मार आणि दुसरे म्हणजे जन्मतःच दात नसणे. वरच्या जबड्यातील मधल्या दोन दातांच्या बाजूचा दात साधारण दोन टक्के लोकांत उगवतच नाही. अशा मुलांच्या पालकांना इम्प्लांटची घाई झालेली असते आणि ती समजण्यासारखी आहे. परंतु इम्प्लांट हाडाशी थेट जुळतो, त्याला मुळाभोवतीचे तंतुमय आवरण नसते, त्यामुळे जबडा वाढत असताना शेजारचे दात खाली सरकत राहतात आणि इम्प्लांट जिथे बसवला तिथेच राहतो. काही वर्षांत तो दात आखूड आणि वर ओढल्यासारखा दिसू लागतो आणि हिरडीची रेषा विस्कटते. वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे निदान विशीपर्यंत थांबणे त्यामुळे आवश्यक ठरते, आणि चेहऱ्याच्या हाडांची सूक्ष्म वाढ त्यानंतरही चालू राहत असल्याने पुढच्या दातांच्या बाबतीत काही तज्ज्ञ आणखी थांबायला सांगतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने तोपर्यंत काय करायचे? एका पात्याचा ब्रिज इथे सर्वांत उपयोगी पडतो. दात तासलेले नसल्यामुळे पुढे इम्प्लांट करायचाच झाला तर वाट अडत नाही, आणि कित्येकांना तो करावासाही वाटत नाही.

इम्प्लांटला माझा विरोध नाही. तो शेजारच्या दातांना हात लावत नाही हा त्याचा मोठा गुण आहे आणि पुढे-मागे जिथे दोन्ही शेजारी दात दुबळे असतील तिथे तोच योग्य. पण दात काढल्यावर वर्षभरात त्या जागेच्या हाडाची रुंदी निम्म्याच्या आसपास घटते, त्यामुळे पुढच्या भागात अनेकदा हाड किंवा हिरडी भरून घ्यावी लागते. हिरडी पातळ असेल तर कालांतराने ती मागे सरून इम्प्लांटची कडा उघडी पडते. ओठ वर जाऊन हिरड्या दिसतील असे हसणाऱ्या व्यक्तीला हे लगेच जाणवते. खालच्या पटाशीच्या दातांची जागा तर इतकी अरुंद असते की तिथे चिकटवलेला ब्रिज पुष्कळदा अधिक सोयीचा पडतो.

आणखी दोन वाटांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही, कारण त्या लहान वयातच खुल्या असतात आणि नंतर बंद होतात. जन्मतः दात नसलेल्या मुलाच्या तोंडात तारा लावून सुळा पुढे सरकवता येतो आणि कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगच्या द्रव्याने, त्याला न उगवलेल्या दाताचे रूप देता येते. कृत्रिम दात बसवण्याचा प्रश्नच मग मिटतो. दुसरी वाट म्हणजे त्याच मुलाची उपदाढ काढून ती पुढच्या दाताच्या जागी रोवणे. मूळ दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश तयार झाले असताना हे केले तर नस पुन्हा जिवंत होऊ शकते आणि दात जबड्याबरोबर वाढतो. सतरा ते एक्केचाळीस वर्षे पाठपुरावा केलेल्या एका अभ्यासात असे ९० टक्के दात टिकलेले आढळले. हे करणारे हात मोजकेच असतात, तरी दाटीमुळे उपदाढा काढायच्याच असतील तेव्हा त्या फेकून देण्यापूर्वी पालकांनी तारा लावून दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाला, म्हणजे ऑर्थोडोंटिस्टला, एकदा विचारावे.

काचतंतूंनी मजबूत केलेला कॉम्पोझिटचा ब्रिज एकाच बैठकीत, प्रयोगशाळेविना होतो आणि तुटला तर जागच्या जागी सांधता येतो, पण टिकण्यात तो आधी सांगितलेल्या एका पात्याच्या ब्रिजच्या मागे आहे. हिरड्यांच्या आजाराने हलू लागलेला पुढचा दात काढावाच लागला, तर त्याचे मूळ कापून टाकून, उरलेल्या वरच्या भागाचे कापलेले तोंड बंद करून तोच भाग शेजारच्या दातांना चिकटवणे हीही जुनी आणि समाधान देणारी युक्ती आहे. रंग, आकार, ठेवण सारे रुग्णाचे स्वतःचेच असते. एका दाताची काढता-घालता येणारी प्लास्टिकची पट्टी काही महिन्यांसाठी ठीक, वर्षानुवर्षे नको. ती शेजारच्या दातांच्या मानेशी मळ धरते आणि हिरडी दाबते.

दवाखान्यात खुर्चीवर बसलेल्या माणसाने म्हणून काही गोष्टी सरळ विचाराव्यात. माझ्या शेजारच्या दातांचा किती भाग जाणार? हे काम बिघडले तर त्या दातांचे काय होईल? दात न तासता काही करता येईल का, आणि येत नसेल तर माझ्याच तोंडात अशी कोणती अडचण आहे? चांगला दंतवैद्य या प्रश्नांनी दुखावत नाही. उलट, चाव्याची खोली किंवा इनॅमलची झीज आरशात दाखवून तो कारण समजावतो. ‘ते टिकत नाही’ एवढेच उत्तर मिळाले तर दुसऱ्याचे मत घेण्यास हरकत नसावी.

ज्यांच्या तोंडात असा ब्रिज आधीच आहे त्यांच्यासाठी शेवटची सूचना. कृत्रिम दाताखालून रोज जाड मऊ धागा फिरवावा, पुढच्या दातांनी नखे, पेनाची टोपणे किंवा बाटलीची झाकणे तोडू नयेत, आणि जुना दोन पात्यांचा ब्रिज असेल तर दोन्ही पाती धरलेली आहेत ना हे दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावे. ब्रिज हातात आला तर तो स्वच्छ डबीत ठेवून तसाच दंतवैद्याकडे न्यावा. घरगुती झटपट गोंदाने तो पुन्हा चिकटवू नये, कारण तो गोंद आतल्या पृष्ठभागावर बसला की खरवडून काढताना पाते खराब होते आणि एरवी अर्ध्या तासात होणारे काम नव्याने करावे लागते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त दंतवैद्य